केराचा आठवडा

जर्मनीत श्टुटगार्टला येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर दाराच्या मुठीला दोरीने एक लाकडी पाटी अडकवलेली. तिच्यावर एकच शब्द, 'केरवोखं'. पुण्याच्या माणसाला पाटीचं काय कौतुक! पण आमच्याकडे पाटी आपण लावायची आणि दुसऱ्याने वाचायची, असा रिवाज. आपल्याच दाराला दुसऱ्या कुणी पाटी लावून जावं, हे जरा अतिच होतं. आधीच्या भाडेकरूची राहिली असेल असं धरून मी ती काढली आणि जिन्यातल्या खिडकीच्या कडीला लटकवून दिली. सकाळी पाहतो, तर पाटी पुन्हा माझ्या दारावर. या वेळी दोरीला पक्की गाठही मारलेली.

उलगडा शनिवारी समोरच्या आजींनी केला. वोखं म्हणजे आठवडा, आणि 'केरन' म्हणजे झाडणं. त्याचं आपल्या केराशी काही नातं आहे की नाही ते पंडितांनी ठरवावं, मी ते तिथल्या तिथे जुळवून टाकलं. आमच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं. एक आठवडा आजींनी जिना झाडायचा-पुसायचा, एक आठवडा मी. काम झालं की पाटी समोरच्या दाराला. हे झालं छोटं केरवोखं. मोठ्यामध्ये फुटपाथ, तळघराचा जिना, कचऱ्याच्या पेट्यांची जागा आणि हिवाळ्यात बर्फ. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत दारापुढचा बर्फ ओढलेला हवा. ही शिस्त आजकालची नाही. १४९२ साली, म्हणजे कोलंबस इंडिया शोधायला निघाला त्याच वर्षी, शहराच्या कायद्यात प्रत्येकाने आपापलं शेण आठवड्याच्या आठवड्याला बाहेर न्यावं असं लिहिलेलं आहे. ज्याला जे शोधायचं ते तो शोधतो.

आजींचं बोलणं मला निम्मंच कळलं होतं. पुण्यात दोन वर्षं जर्मन घोकून आलो होतो, पण इथे चालतं श्वेबिश, म्हणजे इथल्या श्वाबी लोकांची बोली. या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९९९ साली स्वतःची जाहिरात केली तीच मुळी 'आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून' अशी. तेव्हा बोटं आणि भुवया यांच्यावर भागलं.

मी खालच्या पायरीपासून झाडायला घेतलं. आजी दारात हाताची घडी घालून उभ्या. चौथ्या पायरीला त्यांचं बोट हललं: वरून खाली. बरोबरच होतं, खालून वर गेलं तर वरचा केर झाडलेल्या पायरीवर. मग ओलं फडकं. मग कठडा, मग गजांच्या बुडाशी अडकलेली धूळ. शेवटी त्यांनी कठड्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवलं, चष्मा वर करून ते पाहिलं, आणि काही न बोलता आत गेल्या. माझं तोंड पडलं. सोमवारी ऑफिसातल्या एका श्वाबी सहकाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, अरे, मग पेढे वाट. म्हणजे पेढे नाही म्हणाला, पण भावार्थ तोच. त्यांच्याकडे म्हणच आहे: शिव्या पडल्या नाहीत, हेच पुष्कळ कौतुक. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत म्हणतात. कागदोपत्री असतील. स्वभावाने हे गाव सदाशिव पेठेचं सख्खं.

परदेशात राहायचं सुख कशात, असं कुणी विचारलं की त्याला बहुधा हवा, रस्ते आणि आल्प्सबद्दल ऐकायचं असतं. ते आहेच. पण मला भावलं ते चाळिशीत पुन्हा पहिलीच्या बाकावर बसायला मिळणं. पुण्यात मी अमक्यांचा धाकटा, तमक्या शाळेचा, अमुक बॅचचा. माझी यत्ता कधीच ठरून गेलेली. तिथे या वयात साधा फॉर्म चुकला तर खिडकीपलीकडचा माणूस असा बघतो की बापाचं नाव विसरावं. इथे चुकलो की 'नवीन आहे' म्हणतात. आणि बेकरीत पहिल्यांदा न अडखळता बटर लावलेला ब्रेत्सेल मागून घेतला, त्या दिवशी चौथीची स्कॉलरशिप मिळाल्यासारखा घरी आलो होतो. तिकडे एवढ्या स्वस्तात एवढा आनंद कुठे मिळतो?

दुसरं सुख कानांचं. सुरुवातीला ट्राममध्ये शेजारची दोन माणसं बोलायची, ते नुसतं पावसासारखं पडत राहायचं. कुणाची सून, कुणाचा प्लॉट, कुणाचं ऑपरेशन, आपल्याला काही लागत नाही. पुढे भाषा सुधारली आणि हे सुख गेलं. सुना आणि प्लॉट इथेही निघाले. तरी एखादी श्वाबी जोडी जोरात सुटली की अजूनही पाऊस लागतो.

रविवारी मात्र पहिले काही महिने हाल झाले. दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. शनिवारी दूध विसरलं की सोमवारपर्यंत काळा चहा. आता रविवारी कुणी फोन केला तर मलाच राग येतो.

झाडूचा इथे आणखी एक उपयोग आहे, तो पुण्यात कुणाला पटत नाही. हे शहर कढईसारख्या खोलगट जागेत वसलंय आणि कढईच्या कडांवर द्राक्षमळे आहेत, अगदी शहराच्या आत. मळेवाले आपली वाइन आपल्याच घरी विकतात आणि विक्री चालू आहे याची खूण म्हणून फाटकाला झाडू टांगतात. वर्षातून चार महिने, आणि जास्तीत जास्त चाळीस खुर्च्या, असा नियम. बाकं लांबलचक, अनोळखी माणसं सरकून जागा करून देतात. तिथे मिळणारी माउलटाशं म्हणजे पिठाच्या पाकिटात दडवलेला खिमा. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मठातल्या साधूंनी ही युक्ती काढली, अशी दंतकथा आहे. श्रावणात आमच्याकडे कुणाला ही का सुचली नाही, देव जाणे. त्याला दिसलंच असेल म्हणा.

जिन्याची हकीकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "एवढं शिकवलं ते लोकांचे जिने झाडायला?" मग जरा थांबून, "वाड्यात आम्हालाही बोळ झाडायची पाळी असायची म्हणा. तू तेव्हा पाळण्यात होतास." गेल्या दिवाळीला ती तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. येताना किलोभर रांगोळी. विमानतळावर त्या पांढऱ्या पुड्याचं काय होतंय, म्हणून माझा जीव टांगणीला. तिला कुणी विचारलंही नाही.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी हवी. संध्याकाळचे सात वाजलेले, आता केरसुणी कुठून आणायची? आईने माझा केरवोख्याचा झाडू काढला, नळाखाली धुतला, खोक्यावर टॉवेल अंथरून ठेवला आणि दांड्याला हळदकुंकू लावलं. मग दाराबाहेर जिन्याच्या माथ्यावर पाच बाय पाच ठिपक्यांची रांगोळी घातली. त्या आठवड्यात पाटी आजींच्या दारावर होती. मला शनिवारची धास्ती.

शनिवारी बादलीचा आवाज आला तसा मी दाराच्या भिंगाला डोळा लावला. आजी गुडघे टेकून बसल्या होत्या. फडकं अगदी पिळून घेतलेलं. रांगोळीभोवती चार बोटं जागा सोडून त्यांनी सगळीकडून पुसून घेतलं, कठड्याला धरून उठल्या, थोडा वेळ तशाच बघत राहिल्या. मग पाटी आणून माझ्या दाराला अडकवली. मी श्वास रोखून उभा.

आठवडाभर आम्ही दोघं ती रांगोळी ओलांडून येत-जात होतो. पुढच्या शनिवारी आईने झाडू हातात दिला. "काढ आता. पाळी तुझी आहे."

दांड्यावर कुंकू अजून होतं. मी वरून खाली झाडायला घेतलं.