ग्योंगजू: बुसानहून धावती फेरी नको, मुक्कामच करा

दक्षिण कोरियात सोलहून ग्योंगजूला केटीएक्सने, म्हणजे वेगवान रेल्वेने, साधारण दोन तास लागतात, तिकीट सुमारे ५० हजार वॉन. गफलत होते ती उतरल्यावर. गावाच्या मध्यावर असलेलं जुनं ग्योंगजू स्टेशन २०२१च्या अखेरीस बंद झालं. आज त्याच नावाने ओळखलं जाणारं स्टेशन म्हणजे पूर्वीचं शिनग्योंगजू, आणि ते गावापासून दहा-बारा किलोमीटर लांब आहे. म्हणून ‘स्टेशनजवळ’ असं लिहिलेली खोली दिसली तर कोणत्या स्टेशनजवळ, हे आधी नकाशावर बघून घ्या. नव्या स्टेशनातून गावात यायला बस आहे. अर्धा तास धरा. बुसानहून येणाऱ्यांना मात्र नोपो टर्मिनलची बस बरी. तासाभरात ती जुन्या गावाच्या कडेला सोडते आणि तिथून देरुंगवॉन बागेतले जुन्या थडग्यांचे मातीचे उंचवटे चालत पंधरा मिनिटांवर आहेत.

बरेचजण बुसानहून सकाळी येतात आणि उजेड असतानाच परततात. माझ्या मते हा सगळ्यात वाया जाणारा बेत. प्राचीन सिल्ला राज्याची ही एकेकाळची राजधानी दिवसा शाळांच्या सहलींनी भरलेली असते. खरी बघण्यासारखी होते ती दिवेलागणीनंतर. डोंगगुंग राजवाडा आणि वोल्जी तलाव (तिकीट ३,००० वॉन) रात्री दहापर्यंत उघडा असतो, शेवटचा प्रवेश साडेनऊला. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी आत जा, म्हणजे तळ्याकाठी उभं राहायला जागा मिळते. वारा असेल तर पाण्यातलं प्रतिबिंब मोडतं, त्यामुळे दोन रात्री असतील तर शांत हवेची निवडा. तिथून चालत चॉमसॉंगदे येते. राणी सॉन्दॉकच्या काळातली, सातव्या शतकातली ही दगडी वेधशाळा जेमतेम नऊ मीटर उंच आहे. फोटोंवरून मोठी वाटते. पुढचा वॉलजॉंगग्यो पूल २०१८ मध्ये पुन्हा उभारलेला, म्हणजे नवाच, पण रात्री छान दिसतो आणि फुकट आहे.

राहायचं कुठे, याचं उत्तर यातूनच मिळतं. ह्वांगनिदान-गिल या रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत हानोक, म्हणजे कौलारू पारंपरिक घरं, भाड्याने मिळतात. जमीन खालून तापवलेली असते आणि झोपायला पातळ गादी. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर पलंग असलेली खोली मागा. भिंती पातळ, न्हाणीघर चिमुकलं, उंबरे उंच, त्यामुळे मोठ्या बॅगांचा त्रास होतो. शुक्रवार-शनिवारी दर चढतात. स्वस्तात हवं तर बस टर्मिनलच्या आसपासची मोटेल्स: दिसायला भडक, पण खोल्या ऐसपैस. बोमुन तलावाकडची मोठी हॉटेल्स मुलांना घेऊन गाडीने फिरणाऱ्यांना ठीक. २०२५ची एपेक (आशिया-प्रशांत देशांची) शिखर परिषद त्याच भागात झाली. गाडी नसेल तर रात्री तिथे परतण्यातच वेळ जातो. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरी फुलते, तेव्हा खोली फार आधी धरावी लागते.

दुसरा दिवस बुल्गुक्सा हे बौद्ध मंदिर आणि डोंगरावरचं सॉकगुराम हे बुद्धमूर्तीचं गुंफामंदिर यांसाठी. १० आणि ११ नंबरच्या बस उलटसुलट दिशांनी एकच फेरा मारतात. दोन्ही बुल्गुक्साला जातात. तिथून १२ नंबरची बस वर सॉकगुरामला नेते, पण ती साधारण तासाने असते. आधी बसने वर जा आणि २.२ किलोमीटरच्या पायवाटेने बुल्गुक्सात उतरा. उलट केलंत तर तासाभराची चढण पदरी पडते. सॉकगुराम अजिंठ्या-वेरूळसारखी डोंगरात कोरलेली लेणी नव्हे. ग्रॅनाइटचे घडवलेले दगड जुळवून घुमट उभारला आणि वरून माती घातली. आतली बुद्धमूर्ती सुमारे साडेतीन मीटर उंच. दमटपणापासून बचावासाठी समोर काच आहे, फोटोला बंदी आहे आणि लांबूनच पाहावं लागतं. बुल्गुक्साला २०२३पासून तिकीट नाही. दाबोताप स्तूप दहा वॉनच्या नाण्यावर आहे. शेजारचा साधा सॉकगाताप लोक दुर्लक्षितात, पण १९६६ मध्ये त्याच्या पोटातच लाकडी ठशांनी छापलेली धारणी, म्हणजे बौद्ध मंत्रांची गुंडाळी, सापडली.

परतताना राष्ट्रीय संग्रहालयात उतरा. कायमस्वरूपी दालनं मोफत आहेत. अंगणातली ७७१ सालची घंटा १८.९ टनांची आहे. आता ती वाजवत नाहीत, ध्वनिमुद्रित नाद ऐकवतात. देरुंगवॉनची बाग मोफत, फक्त आत शिरता येणाऱ्या चॉनमाचोंग थडग्याला ३,००० वॉन. उंचवट्यांवर चढू नका, मनाई आहे.

जेवणात इथली ओळख सांबाप: पानांत भात गुंडाळून खायचा आणि भोवती वाट्याच वाट्या. बहुतेक ठिकाणी किमान दोघांची ऑर्डर लागते, एकट्याला परत पाठवतात. शाकाहाऱ्यांनी बिबिम्बाप मागावा आणि ‘गोगी प्पे जुसेयो’, मांस काढा, असं सांगावं. तेवढ्याने भागत नाही. वरच्या तिखट चटणीत कधी कधी खिमा असतो, ती वेगळी मागा. सुनदुबूच्या, म्हणजे मऊ टोफूच्या, रश्शात सुकी मासळी आणि किमचीत माशाचं खारवण असतं. गिम्बापमधलं (समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भातातलं) हॅम तर अनेकांच्या लेखी ‘मांस’ नसतंच, त्याचं नाव घेऊन नको म्हणा. ह्वांगनाम-प्पांग हा इथला गोड पाव १९३९पासून बनतो: पातळ पापुद्र्यात अझुकी या लाल कडधान्याचं पुरण, आमच्या पुरणपोळीपेक्षा कमी गोड. पिठात अंडं असतं. गरम असतानाच खा.

नकाशासाठी नेव्हर मॅप घ्या, गुगल पायी रस्ता नीट दाखवत नाही. बसभाड्याचं टी-मनी कार्ड भरायला रोख ठेवा. आणि रविवारी संध्याकाळची सोलची गाडी भरून जाते. आरक्षण महिनाभर आधी खुलं होतं, तेव्हाच काढून ठेवा.