भेंडीचा रस आणि न टिपलेली मळी

गेल्या हिवाळ्यात आमच्या नववीच्या मुलांनी कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर चार मिनिटांचा लघुपट तयार केला आणि तो आठवीच्या वर्गाला दाखवला. दाखवून झाल्यावर मी विचारले, "काय कळले?" त्यावर पहिल्या बाकावरचा एक मुलगा ठामपणे म्हणाला, "बाई, भेंडीचा रस घातला की उसाचा रस लगेच सोनेरी होतो." वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. उत्तर चुकीचे होते, आणि ही चूक त्यांनी आमच्याच लघुपटातून उचलली होती.

झाले होते असे. भेंडीची झाडे ठेचून, पाण्यात भिजवून काढलेला चिकट रस काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, ओतला की उसाच्या रसातली घाण त्या चिकटपणात अडकते, तापल्यावर मळी होऊन वर येते आणि ती झाऱ्याने पुन्हा पुन्हा काढून टाकावी लागते. रंग पालटतो तो त्यानंतर, रस आटत जाताना. आमच्या मुलांनी भेंडीचा रस ओततानाचा शॉट घेतला, पण मळी वर यायच्या वेळी पहाटेच्या गारठ्यात थंड पडलेल्या फोनच्या भिंगावर काहिलीची वाफ बसली आणि पुढची वीस मिनिटे नुसते धुके टिपले गेले. संकलन करताना तो भाग अर्थातच कापला गेला. मग भेंडीच्या रसाला लागून सोनेरी पाकाचा शॉट आला, आणि मधला सगळा उद्योग नाहीसा झाला. संघनन, म्हणजे वाफेचे पाणी होणे, शिकवायला याहून चांगले उदाहरण मला मिळाले नसते, हे खरे, पण त्या दिवशी मी ते शिकवायला विसरले, कारण मलाही शॉट गेल्याचेच वाईट वाटत होते.

मी विज्ञान शिकवते. वर्गात लघुपट दाखवणे मी बरीच वर्षे करत आले आहे आणि त्यातून फार काही साधले असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पडदे ओढून वीस मिनिटांची चित्रफीत लावली की मागच्या दोन रांगा शांतपणे झोपतात, आणि शिक्षकालाही थोडी उसंत मिळते, एवढाच त्याचा खात्रीचा लाभ. आता मी पाच मिनिटांहून मोठे काही लावत नाही. तेही आधी आवाज बंद करून लावते आणि मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगते: डावीकडे "काय दिसले", उजवीकडे "मला काय वाटले". निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक पाठ्यपुस्तकातली व्याख्या पाठ करून कधीच कळत नाही, परंतु या दोन रकान्यांत गोंधळ झाला की तो लगेच डोळ्यांसमोर येतो.

आठवीच्या त्या उत्तरानंतर मी नववीच्या मुलांना रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांचा प्रयोग सांगितला. १९२० च्या आसपास त्यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट कधी सूपच्या वाडग्याशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी दुःख दिसले, असे सांगितले जाते. मुलांचा विश्वास बसेना, म्हणून आम्ही तो वर्गातच करून पाहिला. एका मुलाचा चेहरा पाच सेकंद टिपला, त्याला "कशाचाही विचार करू नकोस" एवढेच सांगितले होते. मग तोच शॉट एकदा कट आलेल्या मिसळीच्या ताटलीला जोडला, एकदा गणिताच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेला आणि एकदा रिकाम्या बाकाला. शेजारच्या तुकडीने पहिल्यात भूक, दुसऱ्यात भीती आणि तिसऱ्यात मित्राची आठवण बिनदिक्कत ओळखली. ज्याचा चेहरा होता तो मागे उभा राहून हसत होता. "म्हणजे आपण भेंडीचं पण असंच केलं," असे एक मुलगी हळूच म्हणाली, आणि मला पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही तयारीने गेलो. गुऱ्हाळमालकाने एक अख्खे आदण, म्हणजे एका काहिलीचे पूर्ण काम, पाहू दिले. रस काहिलीत पडल्यापासून पाक थंड करायच्या वाफ्यात ओतेपर्यंत त्या दिवशी अडीच तास लागले. एक फोन विटांच्या चवडीवर, वाफेच्या झोतापासून दूर ठेवला आणि शेजारी भिंतीवरचे घड्याळ चौकटीत येईल असे टांगले. दर पाच सेकंदांना एक चित्र घ्यायचे तर अडीच तासांत १८०० चित्रे होतात आणि ती सेकंदाला ३० या वेगाने चालवली की बरोबर एक मिनिट, हे गणित मुलांनी गुऱ्हाळावरच बोटावर केले. घड्याळाचे काटे गरगर फिरताना दिसल्यामुळे वेळ कापली आहे, हे पाहणाऱ्यापासून लपत नाही.

तापमानाचा शॉट मात्र सहज मिळाला नाही. प्रयोगशाळेतला थर्मामीटर ११० अंशांपर्यंतच जातो, शिवाय खाण्याच्या पदार्थात काच बुडवणे शहाणपणाचे नाही, म्हणून स्वयंपाकघरातला धातूच्या सळईचा डिजिटल थर्मामीटर नेला आणि तो लांब काठीला बांधून गूळ करणाऱ्या कारागिराच्या, म्हणजे गुळव्याच्याच हाती दिला. मुलांना काहिलीपासून लांब, दोरीच्या अलीकडे उभे केले होते. आपल्याकडे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, पाणी ९८ अंशांना उकळते, पण साखरेचे प्रमाण वाढत जाते तसा उत्कलनबिंदूही चढत जातो. गुळव्याने थर्मामीटरकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने पाकाचे दोन थेंब गार पाण्यात सोडले, त्यांची बोटांनी गोळी वळली, ती भांड्याच्या काठावर टकटक वाजवली आणि "उतरवा" म्हणून हाक दिली. त्या क्षणी आकडा ११८ होता. हे दोन्ही एकाच चौकटीत आले, हा त्या लघुपटातला माझा सर्वांत आवडता शॉट. गुळव्याचा आवाज मात्र चरकाच्या इंजिनात बुडाला. दुसरा फोन त्याच्या खिशात ठेवला होता म्हणून थोडाफार वाचला.

कोल्हापूरच्या मुलांना सिनेमा परका नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून माझे निम्मे विद्यार्थी रोज सायकलने जातात, पण तो कशाचा हे त्यांना ठाऊक नव्हते. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा कॅमेरा घडवायचे मनावर घेतले, १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामले यांच्या साथीने तो पुरा केला आणि त्यावरच पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट टिपले, एवढे मी सांगितले. एका मुलाने विचारले, "त्यांना कुणी शिकवलं?" कुणीच नाही, हे उत्तर त्याला फारसे पटलेले दिसले नाही.

या उद्योगाने वर्गातली ढ मुले एकदम हुशार होतात, असे लिहिण्याची पद्धत आहे. माझ्या वर्गात तसे काही झाले नाही. दोघांनी फक्त विटा वाहिल्या, एकीने फक्त पाणी दिले. प्रत्येक गटाला हलगीचे पार्श्वसंगीत हवे होते आणि ते कमी करायला लावताना माझा घसा बसला. दोन पाठ मागे पडले ते वेगळेच. "घरी फोन नको म्हणता आणि शाळेत तुम्हीच हातात देता," असे एका पालकांनी सुनावले. त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. एका गटाला एकच फोन आणि तोही माझ्यासमोरच, एवढे मात्र मी तेव्हापासून ठरवले आहे.

नवा लघुपट साडेपाच मिनिटांचा झाला, माझ्याच नियमापेक्षा अर्धा मिनिट जास्त. आठवीला तो पुन्हा दाखवला. या वेळी मळी काढताना दिसली, घड्याळ दिसले, गोळी वाजताना ऐकू आली. मग तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि विचारले, "बाई, एवढी मळी काढली, ती पुढे कुठं जाते?" नववीची मुले एकमेकांकडे बघू लागली. तो शॉट कुणीच घेतला नव्हता.