बीटीकेच्या अहवालापर्यंत

माझा मुलगा सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत अगदी ठणठणीत होता. त्यानंतर मात्र कान फुटणे आणि न्यूमोनिया यांचे असे सत्र सुरू झाले की अमळनेरच्या आमच्या घरात अँटिबायोटिकची बाटली कायमचीच झाली. सासूबाई "पोऱ्याले नजर लागनी" म्हणत मीठ-मोहऱ्या ओवाळत. जळगावच्या एका बालरोगतज्ज्ञांनी टॉर्च घेऊन त्याचा घसा पाहिला, एवढे आजार होऊनही टॉन्सिल जवळजवळ दिसतच नाहीत हे हेरले आणि पहिला प्रश्न विचारला तो माझ्या माहेराविषयी: "तुमचा एखादा भाऊ लहानपणी गेला होता का?" माझा थोरला भाऊ न्यूमोनियानेच गेला होता.

रक्तातील आयजीजी, आयजीए आणि आयजीएम ही तिन्ही प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, फारच कमी निघाली. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या मुलाची ही साधी तपासणी इतकी उशिरा का व्हावी, हे मला आजही पटत नाही. पुढे परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत, फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे रक्तपेशींचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी जवळजवळ नसल्याचे दिसले (टॉन्सिलही मुख्यतः याच पेशींनी भरतात, म्हणून ते दिसत नव्हते) आणि जनुक तपासणीत एक्स गुणसूत्रावरील बीटीके जनुकातला बिघाड सापडला. आजाराचे नाव एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया, म्हणजे आईच्या एक्स गुणसूत्रावरून मुलग्याकडे येणारा प्रतिपिंडांचा अभाव; माहेराविषयीचा तो प्रश्न म्हणूनच होता.

तेथील डॉक्टरांनी कागदावर पेशी काढून समजावले. अस्थिमज्जेत तयार होत असलेल्या बी पेशीला पृष्ठभागावरून "वाढ" असा संदेश मिळतो आणि बीटीके हे प्रथिन पुढच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवून तो आत पोहोचवते. हा दुवा तुटला की पेशी अर्धवट अवस्थेतच संपते, म्हणून प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. अमेरिकन डॉक्टर ब्रुटन यांनी हा आजार 1952 मध्ये नोंदवला, पण जनुक सापडायला 1993 उजाडले. गंमत अशी की काही रक्तकर्करोगांत हेच प्रथिन औषधाने मुद्दाम बंद पाडतात.

आता दर तीन-चार आठवड्यांनी त्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे, शिरेतून देतात. वजन वाढेल तशी मात्रा आणि खर्चही वाढतो. पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब, जिवंत विषाणूंचे असल्याने, त्याला बंद केले आहेत.

मी वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण बिघडलेले जनुक बाळगणारी, निघाले, तशीच माझी धाकटी बहीणही. तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी आहे. तिचे लग्न ठरवताना ही गोष्ट पाहुण्यांना सांगावी की नाही, यावर माहेरी वाद चालू आहे. माझ्या मते सांगावीच. कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे असे मूल पहिले काही महिने निरोगीच दिसते, आणि माहीत असेल तर जन्मतःच तपासणी करून आजारपणाआधी उपचार सुरू करता येतात.