कोलेजन तर त्वचेचं, मग अंडाशयात काय? तुम्ही विचारलंत म्हणून

काय काम करतेस असं कुणी विचारलं आणि मी सांगितलं की अंडाशयातल्या फॉलिकलभोवतीचं (फॉलिकल म्हणजे ज्यात एकेक स्त्रीबीज वाढतं ती पिशवी) कोलेजन बघते, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, अगं पण कोलेजन तर त्वचेचं ना, सांध्यांचं, ते तिथे काय करतंय? आणि लगेच, मग मी पावडर सुरू करू का?

पावडरचं आधी सांगते. खाल्लेलं कोलेजन पोटात पचून त्याची अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड होतात, ते कोलेजन म्हणून उचलून फॉलिकलभोवती जाऊन बसत नाही, तिथलं कोलेजन तिथल्या पेशीच तयार करतात. व्हिटॅमिन सी मात्र खरंच लागतं, कारण त्याशिवाय कोलेजनच्या तीन साखळ्यांचा पीळ टिकत नाही, आणि उंदराची फॉलिकल्स डिशमध्ये वाढवताना व्हिटॅमिन सी घातलं तर त्यांची भिंत जास्त शाबूत राहते.

आता भिंत म्हणजे काय ते. त्वचेतलं कोलेजन बहुतेक टाइप वन, जाड दोरखंडासारखं. फॉलिकलभोवती असतं ते टाइप फोर, त्याचे दोर होत नाहीत, जाळी होते, आणि लॅमिनिन वगैरे बाकीच्या प्रोटीन्सबरोबर तिचा एक अतिशय पातळ थर बनतो, बेसमेंट मेंब्रेन. आत स्त्रीबीज आणि त्याच्याभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी, थराच्या बाहेर थीका नावाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या. आत एकही रक्तवाहिनी नाही! म्हणजे आतल्या पेशींना रक्तातून जे काही मिळतं ते या जाळीतून गाळूनच. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण असतात, एचडीएल आणि एलडीएल, त्यातलं एचडीएल आतल्या द्रवात सापडतं पण आकाराने मोठं असलेलं एलडीएल जवळजवळ नसतंच.

आणि ज्याने मी या विषयात अडकले ते हे, की माणसात फॉलिकल सुरुवातीला साधारण ०.०४ मिलिमीटरचं असतं आणि बीज बाहेर पडायच्या वेळी २० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे व्यास ५०० पट आणि पृष्ठभाग अडीच लाख पट. नुसतं ताणून हे शक्यच नाही, इतकं कुठलंच जाळं ताणत नाही, त्यामुळे भिंत सतत नवीन बनत राहते, तेसुद्धा मध्ये कुठे भोक न पडता. आणि बनताना ती बदलते. टाइप फोरच्या साखळ्या सहा प्रकारच्या, अल्फा वन ते अल्फा सिक्स, तीन-तीन एकत्र येऊन रेणू बनतो. गाईच्या अंडाशयात अगदी छोट्या फॉलिकलभोवती सहाही सापडतात, पण फॉलिकल वाढत गेलं की तीन ते सहा कमी होत जातात आणि मुख्यतः एक आणि दोन उरतात. स्लाइडवर फक्त अल्फा थ्रीला चिकटणारी, चमकणारी अँटिबॉडी लावली की कडेच्या छोट्या फॉलिकल्सभोवती बारीक चमकती कडी दिसते, आणि त्याच तुकड्यात शेजारच्या मोठ्या फॉलिकलची कडा जवळपास काळी, तिथे भिंत आहे हे अल्फा वन लावल्यावरच कळतं. मला हे दर वेळी थांबून बघावंसं वाटतं.

असं का होत असेल? तीन-चार-पाचची जाळी जास्त टाक्यांनी घट्ट शिवलेली असते, किडनीच्या गाळणीत तीच असते आणि तिच्या जीन्समध्ये दोष आला की अल्पोर्ट सिंड्रोम हा किडनीचा आनुवंशिक आजार होतो. भराभर वाढायचं असेल तर कमी घट्ट जाळी सोयीची पडत असावी, असं माझं मत.

शेवटी, बीज बाहेर पडायच्या वेळी, एलएच या हार्मोनची लाट येते, एन्झाइम्स ही जाळी तोडतात आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. आता ग्रॅन्युलोसा पेशींना एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल सरळ मिळायला लागतं आणि त्यातून त्या प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन भरपूर बनवतात, गर्भ राहिलाच तर सुरुवातीचे काही आठवडे तो याच्यावरच टिकतो, प्लासेंटा ते काम हातात घेईपर्यंत.