ट्रॅव्हर्सो नोंदवही, वर्ष तिसरं: ओबर्लिनचे दोन आठवडे

मागच्या नोंदीत खालचा एफ बसत नाही म्हणून रडगाणं गायलो होतो. तो अजूनही बसलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाकी मात्र बरंच काही झालंय, कारण जूनमध्ये ओबर्लिनला जाऊन आलो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी मुळात बासरीवाला. ट्रॅव्हर्सो म्हणजे बरोक काळातली (युरोपातलं सतरावं-अठरावं शतक) आडवी लाकडी फ्लूट. बोटांची सहा भोकं आणि उजव्या करंगळीखाली एकुलती एक चावी. पहिली दोन वर्षं ऑलोसच्या प्लास्टिकच्या वाद्यावर काढली, यंदा बॉक्सवुडचं घेतलं, अठराव्या शतकातला तुरीनचा कारागीर पलांका याच्या नमुन्यावर बेतलेलं. त्याचा 'ए' ४१५ हर्ट्झला लावलेला असतो, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. पेटीच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा 'ए' आपल्या काळी चारला येतो, आणि सहाही भोकं बंद केल्यावर निघणारा 'डी' काळी एकला. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.

ओबर्लिन हे ओहायोतलं, क्लीव्हलँडच्या नैर्ऋत्येचं एवढंसं गाव. कॉलेज वजा केलं तर एक हिरवा चौक आणि चार दुकानं उरतील. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत १९७२ पासून दर उन्हाळ्यात 'बरोक परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट' भरते. दिवसा वर्ग, संध्याकाळी मैफली. पदवीची मुलं, आधुनिक वाद्यावरून इकडे वळलेले व्यावसायिक आणि माझ्यासारखे हौशे, सगळे एकाच रांगेत. कॉन्झर्व्हेटरीची पांढरी इमारत मिनोरू यामासाकीने बांधलेली, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभे करणाराच तो. आतून मात्र सरावाच्या खोल्यांचं वारूळ आहे. कोलंबसहून गाडीने दोन तास लागतात, त्यामुळे सुट्टी मागताना ऑफिसात 'इथेच तर आहे' म्हणता आलं.

पहिला आठवडा: जीभ

बासरीत माझी जीभ जवळपास निवृत्त होती. फुंक धरायची, बाकी सगळं बोटांनी करायचं. इथे पहिल्या सकाळी बाईंनी वाद्यं मांडीवर ठेवायला लावली आणि नुसते बोल म्हणून घेतले. जर्मन फ्लूटवादक क्वांट्झने १७५२ च्या आपल्या ग्रंथात ते दिलेत: ति, दि, तिरी, आणि जलद जागांसाठी दिड्ल. त्याच्या आधी, १७०७ मध्ये, पॅरिसच्या ओतेतेर या फ्लूटवादकाने तु आणि रु सांगितले होते. तबल्याच्या वर्गात हातावर ताल धरून बोल म्हणतात तसेच आम्ही नऊ जण गोल उभे राहून म्हणत होतो. मला वाटलं, हे तर आपलं घरचं.

नव्हतं. 'तिरी'त वजन 'री'वर पडतं. 'ति' नुसती उडी मारण्यापुरती, पाय पडतो तो 'री'वर. मी आयुष्यभर पहिल्या अक्षरावर जोर देत आलेला माणूस. चार दिवस माझं सगळं उलटं पडत होतं. पाचव्या दिवशी जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा असताना तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतो आणि अचानक ते सरळ झालं. पुढच्या मुलीने वळून पाहिलं. ती ओबो वाजवणारी असल्यामुळे तिला नवल वाटलं नाही.

बोटांचीही झडती झाली. बासरीत शुद्ध मध्यमाला अर्धं भोक झाकतो, मींडेत बोट सरकवतो. ट्रॅव्हर्सोवर हे चालत नाही. मधले स्वर आडव्या बोटांनी काढायचे, म्हणजे एक भोक उघडं ठेवून त्याच्या खालची बंद करायची. म्हणूनच एफ किंवा जी-शार्प असे झाकोळलेले येतात, आणि तो झाकोळ लपवायचा नसतो, वापरायचा असतो. माझं बोट सवयीने भोकावर रेंगाळायचं. बाईंना ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू यायचं. गंमत अशी की तेच बोट फ्रेंच संगीतात भोकाच्या कडेवर हलकेच थरथरवलं की त्याला 'फ्लातमाँ' म्हणतात, आणि त्यावर शाबासकी मिळते. आंदोलित गंधार वाजवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. वर्गात एवढी एकच गोष्ट मला इतरांच्या आधी आली, म्हणून इथे ठळकपणे नोंदवतोय.

दुपारी नाचाचा वर्ग. होय, वाजवणाऱ्यांनाही. मिन्युएटचं एक पाऊल तीन-तीन मात्रांच्या दोन बारांवर पसरतं: सहा मात्रांत चार वेळा वजन बदलायचं, एक, तीन, चार आणि पाचवर. संगीत 'तीन अधिक तीन' म्हणत असतं आणि पाय काहीतरी भलतंच मोजत असतात. गुडघे दुखले. पण त्यानंतर मिन्युएट वाजवताना प्रत्येक बारच्या सुरुवातीला ठोका मारायची खोड आपोआप गेली.

मैफलींबद्दल थोडंच लिहितो. ओहायोचा जून म्हणजे दमट हवा, आणि आतड्याच्या तारांना ती मुळीच मानवत नाही. शिक्षकांच्या मैफलीत दर दोन रचनांमध्ये जुळवाजुळव चालायची आणि लोक शांत बसून तीही ऐकायचे. फेअरचाइल्ड चॅपलमध्ये ब्रॉम्बो या कारागिराचा १९८१ चा ऑर्गन आहे, मीनटोनमध्ये लावलेला, म्हणजे गंधार शुद्ध राखणाऱ्या जुन्या पद्धतीने. त्याच्यावरचा साधा मेजर कॉर्ड ऐकून मी अक्षरशः मान वर केली. का, ते पुढे येतंय.

दुसरा आठवडा: डी-शार्प

आमच्या गटाला टेलेमान या जर्मन संगीतकाराच्या 'मेथडिकल सोनाटां'पैकी ई मायनरची मिळाली. १७२८ चा हा संग्रह आपल्या लोकांनी मुद्दाम पाहावा. संथ भागात एका ओळीवर साधी चाल छापलीय, तिच्याखाली तीच चाल सजवून, आणि सर्वांत खाली खर्जाची ओळ. बंदिश आणि तिची बढत शेजारी शेजारी छापावी तसं. हार्प्सिकॉर्डवाल्याकडे (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) तर खर्जाच्या सुरांवर नुसते आकडे असतात. बाकी सुरावट तो जागच्या जागी उभी करतो.

ई मायनरमध्ये ई हा सा धरला तर डी-शार्प हा शुद्ध नी. मी तो नी माझ्या सवयीने लावला, चढा, वरच्या सा ला अगदी चिकटलेला. खर्जाची ओळ वाजवणारा गांबावाला (गांबा म्हणजे पायांत धरून गजाने वाजवायचं तारवाद्य) भुवया उंचावायचा. हार्प्सिकॉर्डवाला भला माणूस, तो काहीच बोलायचा नाही. बाई म्हणाल्या, खाली. मी थोडा खाली आणला. अजून खाली. मला तो बेसूर वाटायला लागला.

त्यात वाद्याचीही साथ नाही. एका चावीच्या फ्लूटवर ई-फ्लॅट आणि डी-शार्प एकाच बोटाने निघतात आणि चावीचं भोक ई-फ्लॅटच्या मापाचं, म्हणजे चढं, असतं. त्या काळी हे दोन वेगळे स्वर होते, ई-फ्लॅट वरचा आणि डी-शार्प खालचा. क्वांट्झला हा गोंधळ इतका खुपला की १७२६ मध्ये त्याने आपल्या फ्लूटला दुसरी चावी बसवली. दोन श्रुतींसाठी दोन चाव्या! आमच्याकडे एकच, त्यामुळे डी-शार्पला फ्लूट ओठांकडे किंचित वळवायची आणि फुंक सोडायची.

दोन दिवस मी वळवत होतो, पण मनात 'नी'च ऐकत होतो, त्यामुळे हात परत वर यायचे. बुधवारी रात्री चॅपलमधला तो कॉर्ड आठवला आणि डोक्यात दिवा लागला. माझ्या डी-शार्पच्या वेळी गांबावर ई नसतोच, बी असतो. बी ला क्षणभर सा माना. मग डी-शार्प हा नी राहत नाही, गंधार होतो. आणि तो गंधार आपण तंबोऱ्यात रोज ऐकतो, खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार. पेटीच्या गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). बाई जिथे 'खाली' म्हणत होत्या, ती जागा मला लहानपणापासून माहीत होती. मी फक्त सा चुकीचा धरून बसलो होतो.

सकाळी गांबावाल्याला नुसता बी लांब धरायला सांगितलं. त्यावर डी-शार्प ठेवला. आधी न जुळलेल्या दोन सुरांतून उठणारे ठोके ऐकू येत होते, फ्लूट वळवली तसे मंदावले आणि मग थांबले. गांबावाल्याने गज न उचलता माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी आम्ही बाकी फारसं काही वाजवलं नाही.

विद्यार्थ्यांची मैफल: ग्राव्हेत, म्हणजे पहिल्या संथ भागात, मला नेमका जपायचा होता असा डी-शार्प तीनदा येत होता. पहिला चढा लागला, हात घामेजले होते. दुसऱ्याला घाबरून इतका वळवला की आवाजच कोंडला. तिसरा लागला. पुढच्या जलद भागात 'तिरी' दोनदा पालथी पडली, पण पडझड न होता आम्ही शेवटच्या बारवर एकत्र पोचलो. ध्वनिमुद्रण आहे, मागू नका.

सध्याचा रियाज: रोज पंधरा मिनिटं नवं लाकूड, त्याहून जास्त नाही, महिना झाला की थोडं वाढवेन. बदामतेलाचा एक हात आतून देऊन झालाय. तंबोऱ्याचं अ‍ॅप काळी पाचवर लावतो, म्हणजे ४१५ चा बी, आणि त्यावर बी, डी-शार्प, एफ-शार्प धरून बसतो. पुढची नोंद खालच्या एफची, जमला तर.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा हेच चालू होतं. "परत बासरी घेतलीस का हातात?" म्हणाली. मी हो म्हणालो. चावीचं सांगत बसलो नाही.