राखणदाराच्या वहाणा

७ जून, रात्री

उद्या मृग लागेल. मुंबईची नातवंडे परवा परत गेली आणि ओटीवरची मोठी सतरंजी आज मी झटकून, घडी घालून माळ्यावर ठेवली. मे महिनाभर दिवेलागणीनंतर याच सतरंजीवर वाडीतील आठ-दहा मुले बसत आणि मी त्यांना झाडांच्या व देवांच्या गोष्टी सांगत असे. काही गोष्टी माझ्या आजीकडून आलेल्या होत्या, काही मी रचलेल्या. शेवटच्या रात्री शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने विचारलेला प्रश्न मनातून जात नाही, म्हणून ही वही उघडली आहे.

गोष्ट राखणदाराची चालली होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पायांत जाड वहाणा अशा वेषात तो रात्री गावाच्या सीमेवर फेरी मारतो आणि देवराईतील जुन्या झाडात राहतो, हे इकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तेथील राखणदार देवाला, भाविक केळीचे घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात आणि रात्रीच्या फेरीत त्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे, असे मी सांगत होते. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "आजये, झाड तोडल्यांनी, मगे राखणदार आता खंय रवतलो?"

तीन वर्षांपूर्वी आमच्या राईतील देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा सभामंडपासाठी दोन सातविणी आणि एक जुना बेहडा तोडला गेला. तोडण्यापूर्वी रीतीप्रमाणे देवाला कौल लावला होता आणि तो उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला होता. त्या बैठकीला मी हजर होते आणि एक शब्दही बोलले नाही. बेहड्याच्या उंच ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी घरटे करीत असे. मादी एकदा आत शिरली की ढोलीचे तोंड लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला व पिल्लांना फळे भरवतो. झाड गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती जोडी आली, नव्या पत्र्याच्या छपरावरून दोनदा फिरली आणि खाडीच्या दिशेने निघून गेली. मुलीच्या प्रश्नावर मला हेच आठवले आणि गोष्ट तेथेच थांबली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आले की या मुलांना मी जी गोष्ट सांगत आले, तिच्यातच एक उणीव आहे. राईतील पानही तोडू नये, तोडले तर राखणदार घरात येऊन काठी आपटतो, अशी भीती माझ्या आजीने मला घातली आणि मी माझ्या मुलाला घातली. त्या भीतीचे उपकार मी नाकारत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला तेव्हा अन्यत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती त्यांना देवाच्या नावाने राखलेल्या अशा लहानशा तुकड्यांत सापडल्या. आमच्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे, रानजायफळाच्या कुळातील झाडांचे जे पाणथळ जंगल उरले आहे आणि ज्याला शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली आहे, तेही गावाने श्रद्धेने सांभाळले म्हणूनच उरले. चिखलातून गुडघ्यांसारखी वर वाकलेली तेथील मुळे ज्याने पाहिली असतील, त्याला ती जागा देवाची वाटल्याशिवाय राहणार नाही.

परंतु भीतीला कुंपण असते. राईच्या आत जो मुलगा पानाला हात लावीत नाही, तोच मोठा झाल्यावर राईबाहेरचा किंजळ आणि ऐन जळाऊ लाकूड म्हणून निःशंक विकतो, कारण त्या झाडांत कोणी राहत असल्याचे त्याला कोणी सांगितलेले नसते. शिवाय कौल मिळाला की भीती एका क्षणात उतरते. भीती उतरल्यावर झाडाविषयी मनात दुसरे काहीच शिल्लक नसेल, तर कुऱ्हाड थांबवायला काय उरते? बेहडा तोडताना एकाच्याही डोळ्यांत पाणी आले नाही, माझ्याही आले नाही. ते पुढच्या उन्हाळ्यात धनेश फिरून गेले तेव्हा आले.

म्हणून या महिन्यात मी उंबराची एक नवी गोष्ट रचली होती. औदुंबराच्या तळी दत्तात्रेयांचा वास असतो, हे मुलांना माहीत असते. हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शांत झाला, ही गुरुचरित्रातील कथाही मी सांगते, कारण तिच्यात देवाला झाडाची गरज पडते आणि मुले ते ऐकताना एकदम सावरून बसतात. माझ्या गोष्टीची नायिका मात्र मोहरीएवढी आहे. उंबर फोडले की आतून केंबरे, म्हणजे बारीक माश्या, उडतात, त्यांतलीच ती एक. उंबराचे फूल कोणालाच दिसत नाही असे आपण म्हणतो, पण ते असते. एक नव्हे, शेकडो असतात आणि सगळी फळाच्या आतल्या भिंतीवर फुललेली असतात. त्या फुलांच्या दर्शनाला ही माशी निघते. फळाच्या टोकावरच्या इवल्या दारातून शिरताना तिचे पंख गळतात, तरी ती आत जाते, सोबत आणलेले पराग फुलांना देते, अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. तिच्या लेकी नवे पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. यात मी माझ्या पदरचे काय घातले? फक्त तिला बोलता येते, आणि देवळाच्या पायरीवर चपला काढाव्यात तसे तिने आपले पंख दाराशी काढून ठेवले, एवढेच. बाकी सारे उंबरात रोज घडते.

गोष्ट रचताना एक बंधन मी स्वतःवर घातले आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. देवाने गोष्टीत बोलावे, हसावे, रागवावे, रात्री फेरी मारावी, पण वाळलेले झाड एका रात्रीत हिरवे करू नये. तसे केले की झाडाला पाणी घालणारा मुलगा त्या गोष्टीत नकोसा होतो. माझा राखणदार फेरीवरून येतो तेव्हा त्याच्या घोंगडीला आघाड्याची फळे चिकटलेली असतात. ती तो पहाटे झटकतो आणि निघून जातो. पुढचे काम मुलांचे.

थोरल्या नातवाने निघताना गाडीत बसल्यावर विचारले की मुंबईला आमच्या इमारतीखाली एक उंबर आहे, त्याच्यातही ती माशी येते का? मी येते म्हणाले. राखणदार येतो का, असे त्याने विचारले नाही आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. त्याच्या झाडाला आता राहणारे कोणीतरी मिळाले आहे.

आज दुपारी शेजारची ती मुलगी पुन्हा आली. मार्चमध्ये राईतून वेचून ठेवलेल्या बेहड्याच्या बिया आम्ही दोघींनी मातीच्या पिशव्यांत लावल्या. एकूण अकरा. तिने प्रत्येक पिशवीवर तळहात ठेवून माती दाबली. बेहड्याला ढोली पडायला किती वर्षे लागतात, असे तिने विचारले. तू माझ्याएवढी होशील तेव्हाही कदाचित नसेल, असे मी खरे तेच सांगितले. ती बराच वेळ पिशव्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मगे तवसर राखणदाराक तुमच्या ओटयेर रवांदे."

उद्या सकाळी सतरंजी माळ्यावरून पुन्हा खाली काढायची आहे.