बूम खाली बसतोय? सीलकिट आणण्याआधी स्पूल बघा

जुन्या ट्रॅक्टरला बसवलेला लोडर भरलेली बकेट वर धरेनासा झाला, हळूहळू खाली यायला लागला, की बहुतेक ठिकाणी निकाल ठरलेला असतो: जॅकचं, म्हणजे उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचं, सील गेलं. दोन्ही जॅक उतरतात, नवी सीलकिट पडतात, आणि बूम, म्हणजे बकेट पेलणारा लोडरचा हात, पूर्वीसारखाच खाली येत राहतो.

बूम खाली यायचा तर दांडा जॅकमध्ये शिरायला हवा, आणि जेवढा दांडा आत जाईल तेवढं ऑईल बाहेर पडायला हवं. लिव्हर मध्यावर असताना कंट्रोल व्हॉल्व्हने, म्हणजे त्यातल्या स्पूल नावाच्या सरकत्या दांडीने, दोन्ही वाटा बंद केलेल्या असतात. पिस्टनचं सील पूर्ण गेलं असलं तरी ऑईल पिस्टनच्या खालून वर जाईल. जॅकबाहेर कसं जाणार? बूम जरासा दबेल आणि थांबेल. तो सतत खाली येतोय आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही, याचा अर्थ ऑईल स्पूलच्या कडेने टाकीत परततंय.

खराब सील या दुखण्यात भर घालतं, हे खरं. तेव्हा भार पिस्टनच्या पूर्ण क्षेत्रफळाऐवजी फक्त दांड्याच्या क्षेत्रफळावर येतो. 60 मिमी बोअर (जॅकचा आतला व्यास) आणि 35 मिमी दांडा धरला तर 28.3 चौरस सेंटिमीटरच्या जागी 9.6, म्हणजे दाब जवळपास तिप्पट. झिजलेल्या स्पूलमधून मग ऑईल आणखी जोरात निसटतं, आणि दांड्याच्या तोंडाचं सीलही पाझरू लागतं.

पिस्टन सील गेल्याची खरी खूण उचलताना दिसते. पंपाचं ऑईल पिस्टनला वळसा घालून टाकीत जातं, त्यामुळे बूम जड होतो, पण बकेट मात्र नेहमीसारखी जोरात वळते. बूम आणि बकेट दोन्ही मंदावले असतील तर जॅक सोडा. पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) आणि सक्शनकडे (टाकीतून पंपाकडे येणाऱ्या लाईनकडे) वळा.

सीलची चाचणी अशी करा. बूम पूर्ण वर न्या, खाली मजबूत लोखंडी टेकू लावा, इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवा आणि दाब उतरवा. एका जॅकच्या दांड्याकडचा होज काढून त्याला प्लग मारा. जॅकच्या उघड्या तोंडाला आखूड पाईप लावून तो बादलीत सोडा. इंजिन कमी आरपीएमवर ठेवून लिव्हर काही सेकंद उचलण्याच्या दिशेने धरा. सुरुवातीला थोडं ऑईल येईल, ते सोडून द्या. धार चालूच राहिली तर त्या जॅकचं सील गेलं. मग दुसरा जॅक. टेकूशिवाय हे करू नका, आणि टेकू असला तरी बूमखाली कोणी थांबायचं नाही.

दोन्ही जॅक कोरडे निघाले तर स्पूल. पण आधी लिव्हर फ्लोटमध्ये (बूम मोकळा सोडणाऱ्या स्थितीत) अडकत नाही ना, सोडल्यावर पूर्ण मध्यावर येतो ना, ते बघा. स्प्रिंग गंजली किंवा लिंकेज वाकलं की स्पूल दोनेक मिमी सरकलेला राहतो, आणि गळतीला तेवढं पुरतं. स्पूलच्या टोकाच्या ओरिंग बदलून काही होत नाही, त्या फक्त बाहेरची गळती थांबवतात. आतलं सीलिंग धातूवर धातू असतं आणि स्पूल त्याच्याच बोअरला जुळवून बसवलेला असतो. दुसऱ्या व्हॉल्व्हचा स्पूल आणून घालण्याची युक्ती म्हणूनच फसते. सेक्शन किंवा पूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

उचलायला लिव्हर ओढला की बूम आधी खाली झुकतो आणि मग वर जातो, हे दुखणं वेगळं. तिथे लोड चेक व्हॉल्व्हच्या (भाराखालचं ऑईल मागे येऊ न देणाऱ्या झडपेच्या) पॉपेटखाली, म्हणजे बुचाखाली, कचरा असतो किंवा त्याची स्प्रिंग तुटलेली असते. स्वस्तातलं काम, पण त्यापायीही जॅक खोलले जातात.

मंद चालणाऱ्या लोडरचं निम्मं निदान तापमानावरून होतं. सकाळी ठीक आणि ऑईल तापल्यावर मंद: पंप आतून झिजलाय. सकाळी मंद आणि पंप ओरडतोय: स्ट्रेनर (सक्शनची जाळी) तुंबलाय, किंवा सक्शन होज आतून सुटून चपटा होतोय. ऑईल दुधाळ दिसलं तर बाटलीत भरून तासभर ठेवा. निवळलं तर हवा, म्हणजे सक्शनचे क्लॅम्प घट्ट करा. दुधाळच राहिलं तर पाणी, म्हणजे ऑईल बदलणं आलं. लोडरला वेगळी टाकी असेल तर सहसा 68 नंबरचं हायड्रॉलिक ऑईल चालतं, पण लोडर ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधल्या ऑईलवर चालत असेल तर पुस्तकात लिहिलेलंच घाला. ते ऑईल गिअर आणि ऑईलमधले ब्रेकही सांभाळतं.

रिलीफचा स्क्रू गेज लावल्याशिवाय फिरवू नये. 250 बारचा ग्लिसरीन गेज दाबाच्या लाईनवर टी-जोड घालून त्यात बसवा, जॅक शेवटपर्यंत नेऊन लिव्हर क्षणभर धरा आणि आकडा वाचा. ठरलेल्या दाबापेक्षा कमी असेल तर पाव-पाव फेरा. दाब चढतच नसेल तर स्क्रू आवळत बसू नका, रिलीफ खोलून सीट बघा. होजची बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. त्या धारेने ऑईल कातडीखाली गेलं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

नवा व्हॉल्व्ह महाग पडतो म्हणून काहीजण बूमच्या लाईनवर पायलटवाला लॉक व्हॉल्व्ह (दुसऱ्या लाईनमधला दाब आल्यावरच उघडणारी झडप) बसवतात. बूम त्याने थांबतो, पण फ्लोट जातो, कारण फ्लोटमध्ये लॉक उघडायला दाबच नसतो. फक्त शेणखत आणि मुरूम भरायचा असेल तर चालून जाईल. जमीन सपाट करायची असेल तर नाही.